सदुसष्ट नंबरचा गडगा

पोलीस ठाणे, रत्नागिरी तालुका. दिनांक १२ जानेवारी २०२६, सोमवार, सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

देवदत्त गणेश मुळ्ये, वय ६९ वर्षे, धंदा आंबा बागायत, पूर्वी तहसील कार्यालयात अव्वल कारकून, आता निवृत्त, राहणार मौजे सडेवाडी, तालुका व जिल्हा रत्नागिरी.

मला कोणी बोलावलेलं नसताना मी आपल्या पायाने ठाण्यात आलो असून समक्ष सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी भार्गवी हिच्यासह राहतो. मुलगा शार्दूल पुण्यात नोकरीला आहे. माझे थोरले बंधू श्रीपती, वय ७७, त्याच गावात पऱ्याच्या पलीकडे राहतात. पऱ्या म्हणजे पावसाळ्यात वाहणारा ओढा. जानेवारीत त्यात पायाचा घोटाही बुडत नाही, पण गेली अकरा वर्षं आम्हा दोघांपैकी कोणी तो ओलांडलेला नव्हता. त्याचं कारण पुढे येईल. हवालदार राजश्री शिवगण मॅडम म्हणतात की भावाभावांचं भांडण जबाबात लागत नाही. या जबाबात ते लागतं, म्हणून सांगतोय.

गुरुवारी, दिनांक ८ जानेवारीला सकाळी, विमानतळावर उतरायला आलेलं एक लहान विमान वाटेत ड्रोन दिसल्यामुळे उतरू शकलं नाही आणि बावीस मिनिटं वरच फिरत राहिलं. त्या प्रकरणात आमच्या गावच्या आम्रपाली रितेश जाधव, वय ३४, यांचा फवारणीचा ड्रोन ठाण्यात जमा आहे. त्यांचं ड्रोन चालवण्याचं प्रमाणपत्र राहणार की जाणार, याची चौकशी चालू आहे. परवानगी एका जागेची काढून त्यांनी ड्रोन दुसऱ्याच जागेत, मनाईच्या भागात उडवला, असा आरोप आहे. जागा दुसरी होती हे खरं आहे. ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि गुरुवारी साहेबांनी विचारलं तेव्हा मी बोललो नाही.

आम्रपालीला मी ती परकर-पोलक्यात होती तेव्हापासून बघतोय, म्हणून इथून पुढे एकेरी बोलेन. तिचं माहेर आमच्याच गावचं. नवरा जयगडला बंदरात कामाला असतो, त्यामुळे ती मुलीला घेऊन आईकडेच राहते. तीन वर्षांपूर्वी बायकांच्या बचत गटातर्फे तिने ड्रोनचं प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली आणि पास झाली. त्या वेळी पडवीत बसून मी म्हणालो होतो की आता बायका विमानं उडवणार, आपण खाली बसून चुली फुंकू या. त्यानंतर सहा महिन्यांत आमचा नेहमीचा फवारणीवाला काशीराम आंब्याच्या कलमावरून खाली आला आणि कमरेत मोडला. तो अजून काठीवर चालतो. त्या दिवसापासून आमच्या वाडीत उंच झाडावर चढायला माणूस मिळत नाही. चुली फुंकायची भाषा करणारा मी तिचं दुसरं गिऱ्हाईक झालो. पहिलं कोण होतं ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.

तिचं काम चोख आहे. बागेत आली की आधी माणसं मोजते, कोण कुठे उभं राहायचं ते सांगते, मग यंत्राला हात लावते. वारा किती, वेळ किती, टाकीत औषध कोणतं, सगळं वहीत लिहिते. मी आयुष्यभर सरकारी वह्या बघितल्या, तशी वही एकाही कारकुनाची नव्हती. माझीही नव्हती. जानेवारीत मोहोर फुललेला असतो आणि त्यावर तुडतुडे पडतात. पाच-सात दिवसांत फवारणी झाली तर आंबा, नाही तर मे महिन्यात झाडाखाली उभं राहून पानं मोजायची. या हंगामात तिच्याकडे सव्वीस बागा लागलेल्या आहेत. ड्रोन चार दिवस इथे ठाण्यात कपाटामागे उभा आहे आणि मोहोर काही चौकशी संपायची वाट बघत थांबत नाही. प्रमाणपत्र गेलं तर पुढच्या वर्षीही तिच्या हातात काही नाही.

आता जमिनीबद्दल. आमचे वडील १९८५ साली गेले. वाटणीपत्र झालं, त्यात गट नंबर एकेचाळीस माझ्या नावाला आला आणि सदुसष्ट दादाच्या. नोंद झाली, सातबारा निघाला. पण एकेचाळीस नंबर पऱ्याच्या पलीकडे, दादाच्या मागील दारी, आणि सदुसष्ट अलीकडे, माझ्या अंगणाला लागून. क्षेत्र जवळजवळ सारखं. दादा म्हणाला, तू माझ्या दारात येऊन राबायचं आणि मी तुझ्या दारात, यात काय अक्कल आहे? आम्ही अदलाबदल केली. तोंडी. जागेवाल्याला, म्हणजे जागेच्या राखणदार देवाला, नारळ ठेवला, आणि सदुसष्टच्या भोवती चिऱ्याचे नि जांभ्या दगडाचे तुकडे रचून गडगा घालून घेतला. गडगा घालणारा धोंडू, आम्रपालीचा आजा. तो आता हयात नाही. ज्या दिवशी गडगा पुरा झाला त्या दिवशी धोंडू दगडावर हात मारून म्हणाला होता, "आता कोण कागद विचारतंय? माजा गडगा बोलंल." चाळीस वर्षं गडगाच बोलला. मी त्या सदुसष्टात एकशे बारा हापूस लावले आणि दादाने एकेचाळिसात आंबा आणि सुपारी केली. दोघांनीही दुसऱ्याच्या जागेला आपली म्हटलं आणि गावानेही म्हटलं.

त्या काळात मी तहसील कार्यालयात नोंदींच्या टेबलावर होतो. तोंडी वाटणीचं भांडण घेऊन कोणी आला की मी त्याला चष्म्यावरून बघत सांगायचो, अहो, दस्त करा, कागद करा, उद्या पोरं एकमेकांची डोकी फोडतील. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. घरचंच आहे, करू सावकाश, म्हणता म्हणता मी निवृत्त झालो. मग अकरा वर्षांपूर्वी गडग्याला टेकलेला दादाच्या बाजूचा फणस मी तोडला, कारण त्याची मुळं गडगा पाडत होती. दादा तेव्हा मुंबईत मुलीकडे होता. परत आला, खुंट बघितला, आणि माझ्याशी बोलणं टाकलं. तो फणस आमच्या आईने लावलेला होता. मीही म्हटलं, नको बोलूस. त्यानंतर दस्त करायला कोण कोणाकडे जाणार?

गेल्या नोव्हेंबरात आम्रपालीने फवारणीच्या परवानगीसाठी माझ्याकडे सातबारा मागितला. विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरच्या आत ड्रोन उडवायचा नाही, त्याच्या पुढे विचारून उडवायचा, असं तिने मला नीट समजावलं होतं. मी कपाट उघडलं, माझ्या नावाचा उतारा काढला आणि दिला. तो एकेचाळीसचा. त्या क्षणी माझ्या मनात कपट नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. बाग माझी, सातबारा माझ्या नावाचा, म्हणजे बागेचा सातबारा तोच, इतका सरळ विचार चाळीस वर्षांच्या सवयीने केला. तिने तो नंबर लावून अर्ज केला. एकेचाळीस नंबर त्या पाच किलोमीटरच्या रेषेच्या बाहेर पडतो, म्हणून परवानगी मिळाली. सदुसष्ट त्या रेषेच्या चारशे मीटर आत आहे. मध्ये टेकडी असल्यामुळे आमच्या बागेतून विमानतळ दिसत नाही आणि तिथे मोबाइलला रेंजही नाही, त्यामुळे जागेवर नकाशा उघडून बघता येत नाही. जागेवर आल्यावर ड्रोनच्या यंत्रात भरायला हद्द फिरून घ्यायची असते, ती तिने गडग्याच्या कडेने फिरून घेतली. आजाने घातलेला गडगा, त्यात शंका कसली घ्यायची? नंबर आणि जागा जुळते का ते आदल्या दिवशी घरून बघायला हवं होतं, असं ती स्वतः म्हणते. तेवढी चूक ती मान्य करते. बाकीची माझी.

गुरुवारी सकाळी साडेसात वाजता काम सुरू झालं. आम्रपाली, तिच्या गटातली एक बाई औषध कालवायला, आणि मी. दहा लिटरची टाकी, एका बॅटरीत दहा-बारा मिनिटं. पावणेनऊपर्यंत बाग बरीच झाली होती, चार झाडं राहिली होती. आठ वाजून पन्नास मिनिटांनी आवाज आला आणि टेकडीमागून विमान वर आलं. इतकं खाली मी ते कधी बघितलं नव्हतं. पोटाखालची चाकं दिसली. ते सरळ खाली न जाता नाक वर करून वळलं आणि समुद्राकडे गेलं. मला वाटलं काय सुंदर वळलं. मी खालून हात केला. हे लिहावं. मॅडम म्हणतात गरज नाही, पण मी माणसांना संकटात टाकून वर त्यांना हात करत होतो, हे कुठेतरी कागदावर असावं असं मला वाटतं.

आम्रपालीने हात केला नाही. ती म्हणाली, "काका, हे विमान इथनं का गेलं? इथनं जायला नको."

मी म्हणालो, "अगो, वाट चुकलं असेल. चार झाडं राहिलीत, मारून घे आणि मग उतरव."

ती म्हणाली, "नाय." एवढंच. दोन मिनिटांच्या आत ड्रोन खाली होता आणि तिने बॅटरी काढून हातात घेतली होती. मग रेंज मिळावी म्हणून ती कातळावर धावत गेली. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर विमानतळाच्या नियंत्रण कक्षाचा नंबर लिहिलेला आहे, त्यावर तिने आपणहून फोन केला, नाव सांगितलं, ड्रोन खाली आहे असं सांगितलं. त्या फोनची वेळ तिच्या मोबाइलमध्ये आठ अठ्ठावन्न आहे. विमान मात्र खात्री होईपर्यंत फिरत राहिलं. आणखी दोन वेळा डोक्यावरून गेलं. दुसऱ्या खेपेला मी हात केला नाही. त्यात आठ माणसं होती असं साहेबांनी नंतर सांगितलं. कोणाच्या तरी घरी भात टाकलेला असेल, कोणीतरी विमानतळाच्या दारात उभं असेल, आणि ते सगळे माझ्या चार झाडांपायी वर घिरट्या घालत होते. विमान नऊ वाजून बारा मिनिटांनी सुखरूप उतरलं.

साडेनऊला जीप आली. विमानतळाचे दोघे आणि पोलीस ठाण्याचे साहेब. त्यांच्या यंत्रावर जागा सदुसष्ट नंबरची दाखवत होती, आणि आम्रपालीच्या कागदावर एकेचाळीस. साहेबांनी मला विचारलं, बाग कोणाची? मी म्हणालो, माझी. नंबर? मी म्हणालो, एकेचाळीस. साहेब म्हणाले, यंत्र तर सदुसष्ट म्हणतंय. तेव्हा मला सगळं समजलं. पायाखालची जमीनच दुसऱ्या नंबरची निघाली. आणि मी म्हणालो, "मला काय त्यातलं कळत नाही. कागद तिने केलाय, तिलाच विचारा."

हे वाक्य मी जसं बोललो तसं लिहून घ्यावं अशी माझी विनंती आहे. नोव्हेंबरातली ती चूक होती. गुरुवारचं ते खोटं होतं. आम्रपाली माझ्याकडे बघत होती. ड्रोन जीपमध्ये चढवायला तिने स्वतःच मदत केली, पंख दुमडून, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

मी का गप्प बसलो तेही सांगतो, नाही तर जबाब अर्धाच राहील. विमानतळाचं काम निघाल्यापासून आमच्या बाजूच्या जमिनींना भलताच भाव आलाय. सदुसष्ट कागदावर दादाचा आहे असं मी पोलिसात बोललो, तर माझ्या हातचे एकशे बारा हापूस माझे नाहीत असं मीच लिहून दिल्यासारखं. आणि ज्याच्या नावावर आहेत तो माझ्याशी अकरा वर्षं बोलत नाही. भीती वाटली. म्हातारपणी माणूस शूर होतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास आम्रपाली माझ्या घरी आली. रडली नाही, भांडली नाही. पडवीत उभी राहून म्हणाली, "काका, मी एकच विचारायला आलेय. ही बाग एकेचाळीस नंबर हाय ना? हाय म्हणून सांगा, म्हणजे मी यंत्रात कुठे चुकले ते शोधते. काल रात्रभर शोधलं, मला सापडत नाय." मी म्हणालो, बघतो, कागद बघून सांगतो. ती "बरं" म्हणून गेली. भार्गवी आतून सगळं ऐकत होती. चहाचा कप तिने माझ्यासमोर ठेवला नाही, तर आपटला. म्हणाली, "ती पोर स्वतःची चूक शोधत बसलीय, आणि तुम्ही तिला शोधू देताय." पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला इतकं लागेल असं कधी बोललेलं नव्हतं.

शनिवारी मी शार्दूलला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तुम्हाला कोणी विचारलंय का? काकाने कागद पुढे केला तर बाग गेली. ड्रोनवाल्या ताईंचं काय ते वकील बघतील." मुलगा वाईट नाही. माझ्याच वळणावर गेलाय. मी त्याला म्हणालो, अरे, तुला सुट्टीत येऊन खायला आंबे ठेवतोय ते कोणाच्या जिवावर? तिने काशीरामासारखा आणखी एक माणूस झाडावरून पडायचा वाचवलाय. तेव्हा तो म्हणाला, "मग काकांना आधी विचारा. सरळ पोलिसात नका जाऊ." हे मला पटलं.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी पऱ्या उतरलो आणि पलीकडे चढलो. यमुनाबाई वहिनी अंगणात सुपारी वाळत घालत होत्या. मला बघून हातातलं सूप तसंच राहिलं. "भावजी, बसा आधी," म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या. दादा पडवीत अडकित्ता घेऊन बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"काय रे, वाट चुकलास?" तो म्हणाला.

अकरा वर्षांनी ऐकलेला हा पहिला शब्द. आवाज बापूंसारखा झालाय त्याचा, आमच्या वडिलांसारखा. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. विमान, चार झाडं, नंबर, मी साहेबांना काय बोललो ते. शेवटी म्हणालो, "दादा, उद्या पोलिसात जाऊन सांगायचं म्हणतोय, की अदलाबदल तोंडी आहे आणि कागदावर सदुसष्ट तुझा."

"सदुसष्ट माझा, असं कागद म्हणतो?"

"हो."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी म्हणतो धोंडूचा गडगा खरा. पण गडग्याची सही चालत नाही."

त्याने एक सुपारी पुरी कातरली. मग विचारलं, "धोंडूच्या नातीचं यंत्र अडकलंय म्हणतात, ते यापायी?"

"यापायीच."

वहिनी पाणी घेऊन आल्या. मी प्यालो. मला वाटलं आता तो उठून आत जाईल आणि सातबारा आणून माझ्यापुढे टाकेल. त्याला तो हक्क होता. तो उठला, आत गेला, आणि खरंच सातबारा घेऊन आला. जुना, घडीवर फाटलेला. तो त्याने माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हा असू दे तुझ्याकडे. माझ्याकडे राहिला तर विसरेन. उद्या किती वाजता जायचं?"

मी बोटांनी नऊ दाखवले.

आज सकाळी आम्ही दोघे एकाच रिक्षाने ठाण्यात आलो. वाटेत फारसं बोललो नाही, पण मिरजोळ्याच्या चढावर त्याने मला सावलीकडची जागा दिली. तो बाहेर बाकावर बसला आहे आणि त्याचा जबाब माझ्यानंतर व्हायचा आहे. अदलाबदल १९८६ पासून आहे, ती त्याला मान्य आहे आणि त्यात आम्रपालीचा काही संबंध नाही, असं तो सांगणार आहे. दोन्ही सातबारे मी जबाबासोबत दिले आहेत. येत्या महिन्यात आम्ही दोघे अदलाबदलीचा दस्त नोंदवून घेणार आहोत.

साहेबांनी मला सांगितलं की गुरुवारी चुकीचं उत्तर दिल्याबद्दल माझ्यावर जी काही कारवाई होईल ती होईल. मला ती मान्य आहे. त्यांनी हेही सांगितलं की आम्रपालीला जागेचा खरा नंबर माहीत नव्हता, तिने विमान दिसताच ड्रोन स्वतःहून खाली घेतला आणि स्वतःहून कळवलं, हे ते आपल्या अहवालात लिहितील. प्रमाणपत्राचा शेवटचा निर्णय वरच्या कार्यालयाचा आहे, पण या दोन जबाबांनंतर ते रद्द व्हायचं कारण त्यांना दिसत नाही. ड्रोन आज संध्याकाळी हमीपत्रावर तिच्या ताब्यात मिळेल.

मग साहेबांनी माझ्यादेखत विमानतळाच्या अधिकाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले की रेषेच्या आतल्या बागांवर लेखी परवानगीशिवाय काहीही उडायचं नाही, यात सवलत नाही. पण जागा खरी कोणती ते कळलं तर ज्या सकाळी विमान नाही अशी सकाळ बघून विचार करता येईल. त्यांनी विचारलं, अशा तोंडी अदलाबदली तुमच्या भागात किती असतील? साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी बोटांवर मोजायला लागलो. एका सडेवाडीतच अकरा निघाल्या. साहेबांनी कपाळाला हात लावला.

त्या अकरांची यादी मी करून देणार आहे. त्या घरांपैकी कितीतरी जण एके काळी माझ्या टेबलासमोर उभे राहून गेलेत. येत्या रविवारी गावच्या शाळेत सगळ्यांना सातबारा घेऊन बोलावणार आहोत. प्रत्येक गडग्यावर त्या जागेचा कागदावरचा नंबर रंगवायचा. रेषेच्या आत असेल तर लाल, बाहेर असेल तर पांढरा. ही कल्पना आम्रपालीची. ती सकाळपासून ठाण्याच्या आवारात उभी होती, साडेदहाला मी बाहेर जाऊन तिला सगळं सांगितलं. आधी सांगितलं की चूक यंत्राची नव्हती आणि तिचीही नव्हती. ती पायरीवर बसली. म्हणाली, "काका, मग चार रात्री मी उगाच जागले." मी माफी मागितली. तिने "असू दे" म्हटलं नाही, आणि मला ते बरं वाटलं, कारण ते इतक्यात असू द्यायचं नाहीच. मग तिने वही काढली. "उद्या सकाळी सात वाजता पलीकडच्या बागेत, मोठ्या काकांच्या. तो नंबर एकेचाळीस, परवानगी त्याचीच हाय. तुमची चार झाडं राहिलीत ती पंपाने, खालनं. मी नळी धरीन, तुम्ही पंप मारा." मी म्हणालो, माझे गुडघे. ती म्हणाली, "पंप हाताने मारतात."

अधिक विचारल्यावरून सांगतो की, त्या सकाळी आमच्या बागेत दुसरा कोणताही ड्रोन नव्हता. आम्रपालीशी माझं नातं गावकीचं आहे, फवारणीच्या मजुरीपलीकडे पैशाचं किंवा वैराचं नाही. हा जबाब मी कोणाच्या दबावाखाली दिलेला नाही. पत्नीचा धरला तर तेवढाच.

वरील मजकूर मी सांगितला तसा हवालदार राजश्री शिवगण मॅडमनी संगणकावर घेतला. तो त्यांनी मोठ्याने वाचावा, म्हणजे बाहेर बाकावर दादालाही ऐकू जाईल, अशी मी विनंती केली, आणि त्यांनी तसा तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. फणसाच्या ठिकाणी दादाने दारातून हाक मारून थांबवलं आणि एक दुरुस्ती सांगितली. ती त्याच्या शब्दांत: "तो फणस मी मुंबईला जायच्या आधीच वठला होता. मला दिसत होतं. तोडायला माझा हात होत नव्हता म्हणून मी मुलीकडे जाऊन बसलो. याने तोडला ते बरं केलं. एवढं त्यात घाला."

हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. दुरुस्ती मला मान्य आहे आणि ती धरून हा जबाब खरा आहे, म्हणून खाली सही करतो.

देवदत्त गणेश मुळ्ये
समक्ष: राजश्री शिवगण, पोलीस हवालदार
दुपारी १२ वाजून ४० मिनिटे